शिकारी, सावज आणि साक्षी : ब्रुनो लिल्येफोर्सची चित्रसृष्टी

एका प्राण्याने दुसऱ्या प्राण्याची केलेली शिकार हा चित्रकलेतील फार जुना विषय आहे. निनेव्हे येथील राजवाड्याच्या भिंतींवर इसवी सनापूर्वी सातव्या शतकात कोरलेल्या सिंहांपासून रूबेन्सच्या वादळी मृगयाचित्रांपर्यंत त्याची एक दीर्घ परंपरा दाखविता येते. मात्र ह्या परंपरेतील प्राणी क्वचितच स्वतःसाठी चित्रात आलेला असतो. असिरियन शिल्पातील बाणांनी विद्ध झालेला सिंह राजाच्या पराक्रमाची ग्वाही देण्यासाठी मरतो. अठराव्या शतकातील इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्ज ह्याने घोड्यावर झेप घेणाऱ्या सिंहाचा विषय अनेक वर्षे पुन्हा पुन्हा हाताळला, परंतु तेथेही घोड्याचे विस्फारलेले डोळे आणि ताणलेली मान पाहणाऱ्याच्या मनात भयाचा उदात्त अनुभव जागविण्यासाठीच योजलेली आहेत. व्हिक्टोरिया राणीच्या काळात विलक्षण लोकप्रिय झालेला एडविन लँडसीअर तर त्याही पुढे गेला. त्याच्या हरणांच्या आणि कुत्र्यांच्या मुद्रांवर त्याने माणसांचे अभिमान, निष्ठा आणि शोक चढविले. अशा रीतीने प्राणी चित्रात येत राहिला, पण दुभाष्याच्या किंवा नटाच्या भूमिकेत.

ह्या पार्श्वभूमीवर स्वीडिश चित्रकार ब्रुनो लिल्येफोर्स (१८६०–१९३९) ह्याचे कार्य पाहू लागले, की त्याचे वेगळेपण ध्यानात येते. बाज आणि रानकोंबडा, खोकड आणि ससा, समुद्रगरुड आणि बदक ह्या जोड्या त्याने आयुष्यभर रंगविल्या. झडप, पाठलाग, पकड आणि भक्षण हे त्याचे नित्याचे विषय होते. परंतु शिकारी प्राण्याला त्याने खलनायक केले नाही आणि सावजाला करुणेचा विषयही केले नाही. वन्यजीवनाचे चित्रण करणाऱ्या नंतरच्या चित्रकारांना तो मानदंडासारखा वाटत आला, तो केवळ त्याच्या हातातील कौशल्यामुळे नव्हे. पाहण्याची एक नवी नीती त्याने चित्रकलेत आणली. ती कशी घडत गेली आणि तिची किंमत काय होती, हे त्याच्या जीवनक्रमाच्या आधारे तपासून पाहण्यासारखे आहे.

लिल्येफोर्सचा जन्म १४ मे १८६० रोजी उप्साला ह्या विद्यापीठनगरीत झाला. वडिलांचा बंदुकीच्या दारूचा व्यापार होता. धाकटा भाऊ रूबेन पुढे संगीतरचनाकार म्हणून नावारूपास आला. ब्रुनोची प्रकृती लहानपणी नाजूक होती. ती सुधारावी म्हणून त्याने व्यायाम आणि कसरती केल्या, आणि त्याच ओघात तो शिकारीकडेही वळला. ह्या दोन्ही गोष्टी त्याच्या चित्रांना पुढे उपयोगी पडल्या. देहाचा तोल, उडीतील ताण, पडतानाची गती ह्यांचे ज्ञान त्याला स्वतःच्या अंगातून झाले होते, आणि दबा धरून तासन्‌तास निश्चल बसण्याची सवय त्याला शिकारीने लावली होती.

१८७९ मध्ये तो स्टॉकहोम येथील शाही कला अकादमीत दाखल झाला. पुतळ्यांवरून आणि नमुन्यांवरून आखीव चित्रे काढून घेण्याच्या तेथील शिक्षणात त्याचे मन रमले नाही. १८८२ मध्ये त्याने अकादमी सोडली आणि प्राणिचित्रणाच्या अभ्यासासाठी तो जर्मनीतील ड्यूसलडॉर्फला गेला. कार्ल फ्रीड्रिख डाइकर हा तेथील नामांकित मृगयाचित्रकार. त्या परंपरेत कुत्र्यांनी घेरलेले सांबर, उधळलेले रानडुक्कर असे नाट्यमय प्रसंग आवडीने रंगविले जात. लिल्येफोर्सने तिच्यातून प्राण्याच्या शरीररचनेची समज घेतली, पण रंगभूमीवरच्यासारखी मांडणी पुढे टाकून दिली. त्यानंतर इटली आणि पॅरिस असा प्रवास करून तो फ्रान्समधील ग्रे-सुर-ल्वँ ह्या खेड्यातील स्कँडिनेव्हियन चित्रकारांच्या वसाहतीत पोहोचला. कार्ल लार्सनसारखे त्याचे समकालीन तेथे उघड्या आकाशाखाली, बदलत्या प्रकाशात रंगवीत होते. दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांनी प्रकाशाला दिलेले महत्त्व त्याला तेथे जवळून उमगले. परंतु पॅरिसमध्ये राहून फ्रेंच चित्रकार होण्याचा मोह त्याला झाला नाही. प्रकाशाची ती दृष्टी घेऊन तो उप्सालाच्या शेतांकडे आणि जंगलांकडे परतला.

त्याच्या कारकिर्दीतील पहिले निर्णायक चित्र म्हणजे १८८४ सालचे ‘बाज आणि काळे रानकोंबडे’. हे चित्र आज स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. हिवाळ्यातील झुडपांमध्ये उतरलेल्या पक्ष्यांच्या थव्यावर बाज झडप घालतो, एवढाच त्याचा विषय. उत्तर युरोपातील ह्या रानकोंबड्यांचे नर काळेभोर असतात, आणि त्यांचे थवे लिल्येफोर्सने उप्सालानजीकच्या एका झोपडीत राहत असताना आसपासच्या कुरणांत पाहिले होते. चित्राची घडण मात्र त्या दर्शनाइतकी सरळ नाही. बाजाचे पिल्लू त्याने स्वतः मारले होते. मेलेला बाज आणि मेलेला रानकोंबडा ह्यांना उघड्यावर नेऊन, झुडपे वाकवून, त्यांच्यात ती कलेवरे जिवंत भासतील अशी बसविण्याची खटपट त्याने केली, आणि मग थंडीत उभे राहून ते चित्र रंगविले. ज्याला पाहणारा झुंजीचा क्षण समजतो, ते तंत्रदृष्ट्या एक स्थिरवस्तुचित्र होते, ह्याची चित्रकाराला पुरेपूर जाणीव होती.

ही माहिती कळल्यावर चित्राचे मोल कमी होते काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर चित्राच्या रचनेत आहे. मृत नमुन्याने त्याला पिसांचा पोत, पंजांची ठेवण आणि रंगांची सत्यता दिली, तर गती स्मृतीने दिली. ज्या काळात मायब्रिज आणि मारे हे प्राण्यांच्या हालचालींचे क्षण छायाचित्रांत पकडू पाहत होते, त्याच काळात लिल्येफोर्स स्वतःच्या डोळ्यांना तसे वळण लावीत होता. १८८६ मधील त्याच्या पाकोळ्यांच्या चित्रात त्या वेगवान पक्ष्यांचे कोयत्यासारखे पंख असे रंगविले आहेत, की पुढच्याच क्षणी ते चौकटीबाहेर जातील. निरीक्षण, नमुना आणि स्मृती ह्या तिन्हींच्या मेळातून त्याची पद्धती सिद्ध झाली. पुढे त्याने घराभोवती खोकड, ससे, घुबडे, गरुड असे जिवंत प्राणीही पाळले. त्यांच्या सहवासात राहून तो त्यांच्या सवयी टिपीत असे.

१८८६ सालचे ‘खोकडाचे कुटुंब’ हे चित्र ह्या पद्धतीचे परिपक्व फळ मानावे लागेल. फुललेल्या गवतात खोकडाची पिल्ले मारून आणलेल्या पक्ष्याभोवती जमली आहेत. रानफुलांचे नाजूक पांढरे झुबके आणि पिल्लांच्या तोंडातील पिसे एकाच प्रकाशात न्हालेली आहेत. कुटुंबवत्सलता आणि क्रौर्य हे दोन शब्द माणसाच्या भाषेत एकमेकांपासून दूर असतात. ह्या चित्रात त्या दोहोंना वेगळे करणारी रेषाच नाही. आईने आणलेला घास म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी जीव, ही गोष्ट चित्रकार कोणताही स्वर न चढविता सांगतो. त्याच सुमारास त्याने एका चौकटीत पाच लहान चित्रे बसवून एक मालिका सिद्ध केली. तिच्यातील एका चित्रात पक्ष्याचे पिल्लू तोंडात धरून बसलेले मांजर आहे. घरातल्या पाळीव जनावराकडेही त्याने वनातल्या श्वापदाच्याच निर्विकार सावधपणे पाहिले, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. ह्या चित्रांच्या मांडणीवर जपानी मुद्राचित्रांचा परिणाम उघड दिसतो. वस्तू चौकटीच्या कडेला सरकलेल्या, क्षितिज अदृश्य झालेले, आणि गवताचे एखादे पातेही पक्ष्याइतकेच महत्त्वाचे, ही त्याची काही लक्षणे.

ह्यातूनच लिल्येफोर्सच्या कलेतील एक मध्यवर्ती कल्पना विकसित झाली. प्राणी आणि त्याचा परिसर ह्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, ही ती कल्पना होय. तपकिरी पानांत बसलेला पक्षी, हिमात पांढरा झालेला ससा, खोडाच्या रंगात मिसळलेले घुबड रंगविताना तो त्यांना पार्श्वभूमीपासून उठावदार करीत नाही. उलट त्यांना तिच्यात विरघळू देतो आणि शोधण्याचे काम पाहणाऱ्यावर सोपवितो. पाहणारा नकळत शिकाऱ्याच्या जागी येतो. नजर फिरवीत असता एकाएकी डोळा सापडतो आणि मग सबंध देह प्रकट होतो. अमेरिकन चित्रकार ॲबट थेयर ह्याने प्राण्यांच्या संरक्षक रंगसंगतीविषयीचा आपला नियम १८९६ मध्ये मांडला आणि १९०९ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध झाला. लिल्येफोर्सच्या कुंचल्याने त्या विषयाचा अभ्यास त्याच्या कितीतरी आधी आरंभिला होता. थेयरने प्रत्येक रंगाला लपण्याच्या हेतूत बसविण्याचा अट्टाहास केला आणि त्याबद्दल त्याच्यावर टीकाही झाली. लिल्येफोर्सला सिद्धान्त मांडायचा नव्हता; त्यामुळे त्याच्या चित्रांत लपणे आणि दिसणे ह्यांचा खेळ अधिक मोकळा राहिला. १८८८ मधील ‘कॅपरकेलींचे प्रणयाराधन’ ह्या भव्य चित्रात पहाटेच्या अंधुक पाइनवनातून त्या मोठ्या रानकोंबड्यांच्या आकृती हळूहळू उमलत येतात. ह्या पक्ष्याचा नर गाण्याच्या अखेरच्या चरणात काही क्षण जवळजवळ बहिरा होतो आणि नेमक्या त्या क्षणांत शिकारी पुढची पावले टाकतो, हे उत्तरेकडील शिकाऱ्यांचे परंपरागत ज्ञान आहे. ज्याने अशी पावले स्वतः टाकली आहेत, त्यालाच त्या पहाटेची शांतता इतकी नेमकी रंगविता आली.

संघटनात्मक पातळीवरही हा काळ खळबळीचा होता. अकादमीच्या जुनाट शिक्षणपद्धतीविरुद्ध तरुण चित्रकारांनी १८८५ मध्ये आवाज उठविला आणि १८८६ मध्ये कलावंतांचा स्वतंत्र संघ स्थापन झाला. लिल्येफोर्स ह्या पिढीबरोबर होता. कार्ल लार्सननंतर काही काळ त्याने गोथेनबर्ग येथील वालांद चित्रशाळेत अध्यापनही केले. मात्र शाळेपेक्षा रान त्याला अधिक जवळचे होते.

१८९० नंतरच्या दशकात त्याच्या चित्रांवर एक गडद छाया पसरू लागली. पत्नी ॲना हिला सोडून त्याने तिच्याच धाकट्या बहिणीशी, सिग्नेशी संसार मांडला. पैशाची चणचण कायमची होती. खाजगी जीवनातील ह्या घडामोडींचा चित्रांशी थेट कार्यकारणसंबंध जोडणे धोक्याचे असते. तरीही ह्या काळात त्याच्या वनातून फुले आणि उन्हे मागे हटली आणि संध्याकाळ, खडक, ओसाड किनारे पुढे आले, हे नाकारता येत नाही. १८९५ मधील ‘अरण्याच्या अंतर्भागातील घुबड’ ह्या चित्राची नुसती कल्पना ह्या बदलाची साक्ष देते. येथे शिकार घडत नाही. शिकारी नुसता बसलेला आहे, आणि त्याच्या असण्यानेच अरण्य भारलेले आहे.

ह्याच दशकातील एक वेगळा उपक्रम म्हणजे स्टॉकहोमचे जीवसृष्टी संग्रहालय. निसर्गाभ्यासक आणि निष्णात शिकारी गुस्टाफ कोल्थॉफ ह्याच्या कल्पनेतून ते १८९३ मध्ये खुले झाले. मृत प्राणी काचेच्या कपाटांत ओळीने मांडण्याची जुनी रीत टाकून कोल्थॉफने पेंढा भरलेले प्राणी आणि पक्षी त्यांच्या नैसर्गिक परिसरात बसविले. मध्यभागी उभ्या असलेल्या प्रेक्षकाला सभोवार वेढणाऱ्या देखाव्याचा चित्रित पडदा लिल्येफोर्सने सहकाऱ्यांसह रंगविला. खरा दगड कोठे संपतो आणि रंगविलेला कोठे सुरू होतो, हे कळू नये अशी त्याची योजना होती. १८८४ च्या चित्रात मृत पक्ष्यांना झुडपांत बसवून त्याने जे केले होते, त्याचेच हे विराट रूप म्हणावयास हरकत नाही.

आर्थिक विवंचनेतून त्याला दिलासा मिळाला तो एर्नेस्ट टील ह्या धनिक बँकरच्या आश्रयामुळे. टीलने त्याची अनेक चित्रे विकत घेतली. पुढे टीलचा संग्रह स्वीडिश शासनाने १९२४ मध्ये खरेदी केला आणि तो सार्वजनिक झाला. ह्या संग्रहातील १९०१ सालचे ‘रानबदके, संध्याकाळ’ हे चित्र पाहण्याजोगे आहे. मावळत्या प्रकाशाने पाण्यावर पडलेले सोनेरी-काळे ठिपके बिबट्याच्या कातड्यासारखे दिसतात, म्हणून स्वीडिश रसिकांनी त्याला तसेच टोपणनाव दिले. बदकांच्या ह्या निवांत संध्याकाळीवर श्वापदाच्या कातड्याचा भास पसरावा, ह्यात लिल्येफोर्सच्या सृष्टीचे सार आपोआप उतरले आहे.

ह्यानंतरची त्याची शिकारचित्रे आकाराने मोठी आणि आशयाने अधिक उघडी झाली. १९०४ मधील ‘सुवर्णगरुड आणि ससा’ ह्या चित्रात सारे नाट्य दोन देहांतील अंतरात साठविले आहे. ते अंतर मिटेल की वाढेल, हे चित्र सांगत नाही. समुद्रगरुड आणि आयडर बदक ह्यांच्या पाठलागाचा विषय तर त्याने वारंवार रंगविला. ह्या शिकारीची रीत समजून घेतली म्हणजे चित्रांचा अर्थ खुलतो. आयडर हे पाण्यात बुडी मारणारे बदक. गरुड वरून येताच ते पाण्याखाली जाते. गरुड त्याच्या वर घिरट्या घालीत राहतो, बदक श्वासासाठी वर येते, पुन्हा बुडी मारते. दर खेपेस बुडी आखूड होत जाते आणि अखेर दमलेले बदक गरुडाच्या पंजात सापडते. म्हणजे ही शिकार बळाची तितकीच श्वासाची आहे. लिल्येफोर्सच्या चित्रांत लाटा, पंख आणि फेस ह्यांची एकच लय दिसते, ती ह्या प्रदीर्घ दमछाकीतून आलेली आहे. एका प्राण्याची भूक आणि दुसऱ्याची भीती ह्या त्याच्या लेखी समुद्राच्याच दोन हालचाली आहेत.

येथे एका मूलभूत प्रश्नाला सामोरे जावे लागते. भारतीय वाचकाच्या मनात शिकार म्हटली की व्याधाच्या बाणाने पडलेला क्रौंच येतो. त्या जोडीच्या शोकातून श्लोक जन्मला, अशी आदिकाव्याची कथा आहे. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात रथापुढे धावणारे, मागे वळून पाहणारे हरिण कालिदासाने विलक्षण बारकाईने टिपले, पण तेथेही आश्रमवासी मधे येतात आणि बाण भात्यात परततो. ह्या परंपरेत काव्य सावजाच्या बाजूने उभे राहते आणि शिकाऱ्याला थांबविते. लिल्येफोर्सच्या सृष्टीत थांबविणारा कोणी नाही. क्रौंचाला मारणारा व्याध माणूस होता. त्याला शाप देता येतो. गरुडाला शाप देऊन काय साधणार? तो न मारील तर त्याचे पिल्लू मरेल. शोकाने येथे कोणता पक्ष घ्यावा, हे ठरविता येत नाही, आणि ते ठरविता येत नाही हीच गोष्ट चित्रकाराला दाखवावयाची आहे. डार्विनचा जीवजातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ लिल्येफोर्सच्या जन्माआधी एक वर्ष, १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्याच्या पिढीला जगण्याच्या झगड्याची कल्पना नवी नव्हती, पण ह्या कल्पनेचा पुष्कळांनी बलवंताच्या गौरवासाठी उपयोग केला. लिल्येफोर्सचा गरुड विजयी वीर नाही. तो भुकेलेला आहे आणि त्याचा घाव चुकूही शकतो.

तथापि ह्या तटस्थतेत एक काटा आहे, तो लपविता येणार नाही. लिल्येफोर्स स्वतः जन्मभर शिकारी होता. त्याच्या चित्रांतील कित्येक देह त्याच्याच बंदुकीने आडवे केलेले होते. निसर्गातील हिंसेकडे निर्विकारपणे पाहणे ही त्याच्यासाठी केवळ तत्त्वदृष्टी नव्हती. ती त्याच्या स्वतःच्या हिंसेची सोयीस्कर बाजूही असू शकते. गरुड भुकेसाठी मारतो. चित्रकार चित्रासाठी आणि छंदासाठी मारतो. ह्या दोन मारण्यांत जो फरक आहे, तो चित्रांत कोठेच उमटत नाही, कारण मारणारा माणूस बहुधा चौकटीबाहेरच उभा आहे. त्याच्या कलेची ही मर्यादा मान्य करावी लागते. पण ह्याच्या जोडीला दुसरी वस्तुस्थितीही ठेवावी लागते. ज्या काळात गरुड आणि बाज हे उपद्रवी प्राणी गणले जात आणि त्यांचा नाश करणे पुण्यकर्म मानले जाई, त्या काळात एका शिकाऱ्याने त्यांच्याकडे द्वेषाशिवाय पाहण्याची सवय आपल्या देशबांधवांना लावली. बंदूक आणि कुंचला ही दोन्ही त्याच हातात होती; त्यांतून जे उरले, ते कुंचल्याचे आहे.

१९०८ मध्ये त्याने स्टॉकहोमच्या द्वीपसमूहातील बाहेरच्या टोकाचे बुलेरो बेट मिळविले. वाऱ्याने झोडपलेले ते खडक, आयडरांचे थवे आणि वरून फिरणारे गरुड हेच त्याच्या उत्तरायुष्यातील चित्रांचे विश्व झाले. चित्रकार आन्देर्स झोर्नसारखे मित्र तेथे येत. ह्या काळातील चित्रांत पुनरुक्ती वाढली, हे मान्य केले पाहिजे; प्रसिद्ध चित्रकाराकडून ग्राहक परिचित विषयांचीच मागणी करतात आणि त्या मागणीपुढे तो अनेकदा नमला. तरीही अधूनमधून जुनी धार प्रकट होई. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये, कलास्पर्धांचा समावेश असण्याच्या त्या काळात, त्याचे चित्र स्पर्धेत होते. १८ डिसेंबर १९३९ रोजी स्टॉकहोम येथे त्याचे निधन झाले.

त्याच्या चित्रांतील समुद्रगरुडाची पुढची कहाणी ह्या विवेचनाला पूरक आहे. स्वीडनमध्ये ह्या पक्ष्याला १९२४ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले. बंदुकीपासून तो वाचला, पण विसाव्या शतकाच्या मध्यावर डीडीटी आणि तत्सम रसायनांचे विष समुद्रातील माशांवाटे त्याच्या शरीरात साचले. अंड्यांची कवचे पातळ झाली आणि घरटी ओस पडू लागली. १९७१ मध्ये स्वीडिश निसर्गसंरक्षण संस्थेने त्याच्या रक्षणासाठी विशेष प्रकल्प हाती घेतला. हिवाळ्यात त्याला विषमुक्त खाद्य पुरविले गेले, रसायनांवर बंदी आली, आणि हळूहळू गरुड बाल्टिकच्या किनाऱ्यावर परतला. बुलेरोचा परिसर आता संरक्षित निसर्गक्षेत्र आहे. लिल्येफोर्सने रंगविलेला पाठलाग तेथे पुन्हा चालू झाला आहे.

मधल्या वर्षांत, घरटी रिकामी असताना, ती झेप पाहण्याची जागा संग्रहालयातील भिंत एवढीच होती. गरुड आणि बदक ह्यांच्यातील जुना व्यवहार जीवसृष्टीच्या रक्षणाचाच एक भाग आहे, हे कळावयाला माणसाला विष आणि कायदा ह्या दोहोंचा फेरा पुरा करावा लागला. लिल्येफोर्सने ते १८८४ च्या हिवाळ्यात, वाकविलेल्या झुडपांपुढे गारठलेल्या हातांनी रंगवीत असताना मांडले होते. त्याची चित्रे हिंसेचे समर्थन करीत नाहीत आणि तिच्याविषयी अश्रूही ढाळीत नाहीत. पाहणाऱ्याने मान न वळविता शेवटपर्यंत पाहावे, एवढीच त्यांची मागणी आहे.